साहेबाच्या पुस्तकातली मोहाडी

१२ ऑक्टोबर १९७८

काल दसरा. वाचनालयात पुस्तकाची पूजा झाली. हे पुस्तक म्हणजे इंग्रजांच्या वेळचे आपल्या भंडारा जिल्ह्याचे गॅझेटिअर. १९२९ च्या दसऱ्याला वाचनालय उघडले तेव्हा तहसीलदारांनी ते भेट दिले, म्हणून त्याचा नोंद क्रमांक एक. वर्षभर ते लाल कापडात बांधून कपाटावर असते. दसऱ्याला कापड सोडतात, चौरंगावर ठेवतात, हळदकुंकू, नारळ, सोन्याची पाने वाहतात आणि पुन्हा बांधतात. इतक्या वर्षांत ते कुणी वाचायला नेल्याची नोंद नाही. मी देवघेवीची सगळी जुनी रजिस्टरे पाहिली आहेत. (कुणी सांगितले नव्हते. मला पाहिल्याशिवाय झोप येत नाही.)

आरती झाल्यावर अध्यक्ष भय्याजी, ज्यांची राईस मिल आहे, उभे राहिले आणि म्हणाले, "पुढच्या दसऱ्याले आपल्या वाचनालयाचा सुवर्णमहोत्सव आहे. इंग्रजाच्या राज्यात आपली मोहाडी कशी होती, थे सारं या पुस्तकात लिहून आहे. आपला खुशाल थे मराठीत उतरवील आन् सभेत वाचून दाखवील."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण खुशाल म्हणजे मी हे माझ्या उशिरा ध्यानात आले.

नंतर भय्याजींनी मला बाजूला घेतले. "चांगलं झालं त तुले कायम करून टाकू. नाही झालं त मंग तुया बापाचा माग आहेच."

मी मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झालो आहे. भय्याजींना हे माहीत नाही असे नाही. पण मागे मी त्यांच्या मिलच्या पाटीवरचे एक इंग्रजी अक्षर चुकले आहे हे दाखवले होते, तेव्हापासून ते मला इंग्रजीचा जाणकार समजतात. मी गैरसमज दूर केला नाही. तात्पुरत्या नोकरीत माणूस कुठलाच गैरसमज दूर करत नाही.

बाबांना सांगितले. ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. म्हणाले, "दसऱ्यापर्यंत पाह्य. मंग दुसरा माग रिकामा आहे." दुसऱ्या मागावर सध्या आई कपडे वाळत घालते.

१९ ऑक्टोबर

पुस्तक सोडले. पुठ्ठा मागे कधीतरी नवा बांधला आहे, त्यावर नाव नाही. सुरुवातीची पाने उघडत नाहीत. हळद, कुंकू, तेल आणि नारळाचे पाणी दर दसऱ्याला आत मुरत गेले आणि पानांची एक फळी झाली आहे. ठोकले तर आवाज येतो. जोर केला तर फाटतील, आणि नोंद क्रमांक एक माझ्या हातून फाटला तर कायम होणे बाजूलाच राहील. म्हणून जिथे पुस्तक आपसूक उघडते तिथून सुरुवात केली.

शब्दकोश उजवीकडे, वही डावीकडे. पहिल्या वाक्यात आठ शब्द अडले. त्यातले तीन मी शाळेत शिकलो होतो.

१४ नोव्हेंबर

दिवाळी, मंडईची जत्रा, पाहुणे. तरीही रोज थोडे थोडे काम झाले.

गॅझेटिअरमध्ये आकडे असतात असे मी ऐकले होते. यात तर एक साहेब स्वतःच्याच गोष्टी सांगतो. 'माझ्या जिल्ह्यात बारा वर्षांच्या मुक्कामात' असे सारखे येते. एकाही गावाचे नाव तो लिहीत नाही. 'एका खेड्यात', 'सदर ठिकाणी', 'पवित्र नदीकाठी' असेच. आधी नवल वाटले, मग पटले. सरकारी नोकर होता, जपूनच लिहिणार. मीही वार्षिक अहवालात कुणाची नावे घालत नाही.

'पवित्र नदी' पुढे मी कंसात (वैनगंगा) असे लिहिले. आपल्याकडे दुसरी कोणती आहे?

२ डिसेंबर

आज एक संपूर्ण परिच्छेद कोश न पाहता समजला. साहेब लिहितो, पावसाळ्यानंतर डोंगरावरून पाहिले तर क्षितिजापर्यंत गव्हाची शेते दिसतात आणि काळी माती घोड्याच्या टापांना गोळ्यांसारखी चिकटते.

मोहाडीत गहू! आपण तर जन्मापासून धानच पाहिले. इतिहास वाचावा तो याचसाठी. माणसाला आपले गावच माहीत नसते.

पण नुसत्या पुस्तकावर विसंबू नये, जुन्या माणसांनाही विचारावे, असे मी ठरवले. (माझ्यात शास्त्रीय वृत्ती आहे असे एकदा मुख्याध्यापक म्हणाले होते. नापास झाल्यावर म्हणाले होते, पण म्हणाले होते.) गावात सर्वांत म्हातारे पुंडलिकराव. त्यांना वाचनालयात बोलावले, पंख्याखाली बसवले, चहा दिला.

मी विचारले, "पुंडलिकराव, इंग्रजांच्या वेळी इकडं गव्हाचीच शेती होती ना जी?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. "होती त! पाहाल तिकडं गहू."

"आणि साहेब घोड्यावर यायचे?"

"घोड्यावरच. पांढराशुभ्र घोडा."

पुस्तकात घोडी काळी आहे. वय झाले आहे, इतकी चूक चालायची. बाकी सगळे जुळले. मला फार आनंद झाला.

२३ डिसेंबर

पुंडलिकराव आता रोज येतात. मी वाचलेले विचारतो, ते दुजोरा देतात. थंडीत सकाळी घड्यातल्या पाण्यावर बर्फाची पापडी यायची, हेही त्यांना आठवते. त्यांच्या आज्याने म्हणे ती पापडी हातात धरून साहेबाला दाखवली होती. पुस्तकात आज्याचा उल्लेख नाही, पण साहेब नावे घालत नाही हे मी वर लिहिलेच आहे.

आज येताना इस्त्रीचा सदरा घालून आले. सुनेने करून दिला म्हणाले. "आता घरी बी विचारतात मले, आज काय सांगितलं वाचनालयात."

हवामान पूर्वी बरेच थंड असावे. वहीत तशी टीप दिली.

१३ जानेवारी १९७९

शनिवार. प्राथमिक शाळेतल्या वच्छलाबाई पुस्तक बदलायला आल्या. दर शनिवारी येतात. अलीकडे बुधवारीही येतात. बहुधा पुस्तके लवकर वाचून होत असावीत. मला त्या 'लायब्रेरियन साहेब' म्हणतात. दुसरे कुणी म्हणत नाही.

माझी वही पाहायला मागितली. मी हात पुसून दिली. दोन पाने वाचून म्हणाल्या, "अक्षर किती सुंदर आहे हो तुमचं!"

मी विचारले, "आणि मजकूर?"

"मजकूर पण शुद्ध आहे," असे म्हणून त्या ओठ दाबून हसल्या. काहून हसल्या ते कळले नाही. दुसऱ्यांदा तपासले, एकही वेलांटी चुकलेली नव्हती.

८ फेब्रुवारी

एका अतिशय उदार जमीनदाराचे प्रकरण आले. दौऱ्यावर निघालेला साहेब तापाने फणफणतो, तंबू मागे राहिलेला असतो. हा जमीनदार त्याला स्वतःच्या पलंगावर झोपवतो, दूध आणि आंबे देतो आणि एक पैसा घेत नाही. साहेब लिहितो, असा सज्जन मी विलायतेतही पाहिला नाही.

भय्याजींना हे ऐकवले. ते खुर्चीतून उठले. "खुशाल! हा माया आजा होय."

"नाव नाही जी त्यात."

"नाव कायले पाह्यजे? आंब्याचा बगीचा कोणाचा होता मोहाडीत? आमचा. पलंग कोणाकडं होता? आमच्याकडं. अजून आहे, ये पाहायले."

मी गेलो. पलंग होता. परत येऊन वहीत कंसात लिहिले: (भय्याजींचे आजोबा). कंस दोनदा गिरवला. उत्साहाने गिरवला असावा.

भय्याजी ही गोष्ट आता मिलवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. सुवर्णमहोत्सवाला आज्याचा फोटो लावायचा ठरला आहे. शिवाय पुंडलिकरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मला म्हणाले, "तू कायमच झाला समज."

बाबांना सांगितले. संध्याकाळी आईने दुसऱ्या मागावरचे कपडे काढले नाहीत, आणि बाबांनीही काढ म्हटले नाही.

५ एप्रिल

काम चालू. ऊन फार. लिहिण्यासारखे विशेष नाही. साहेबाने वाघ मारला. पुंडलिकरावांनी त्याच वाघाचे कातडे पाहिले आहे.

१८ जुलै

हा दिवस लिहायला नको वाटतो, म्हणूनच लिहितो.

सगळे गाव रोवण्यात, धानाच्या लावणीत, आहे. बांध्यांतून चिखल, बायांची गाणी, धानाच्या रोपांचे पऱ्हे. वाचनालयात कुणी नाही. बुधवार असल्याने वच्छलाबाई आल्या, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि वही मागितली. आता ती जवळपास पूर्ण झाली आहे. बऱ्याच वेळाने मान वर करून म्हणाल्या, "लायब्रेरियन साहेब, एक विचारू? रागवू नका."

"विचारा ना."

"तुमचे साहेब इथं बारा वर्षं होते ना? बारा पावसाळे. त्यांनी एकदाही रोवणा पाहिला नाही का हो?"

मी म्हणालो, पावसाळ्यात साहेब लोक दौऱ्यावर जात नसत.

"बरं. मग तलाव? उन्हाळ्यात तरी तलाव दिसला असेल. आपल्या जिल्ह्यात मुलांना दगड मारायला सांगितलं तरी तो तलावात पडतो. बारा वर्षांत साहेबाला एक तलाव दिसला नाही, एक लहानशी बोडी दिसली नाही?"

मला राग आला. मी म्हणालो की प्रत्येक लेखकाचा आवडीचा विषय असतो, आणि रोवण्याच्या दिवसांत वर्गात पोरे नाहीत म्हणून शिक्षकांनी दुसऱ्याच्या कामात चुका काढू नयेत. असे मी बोललो. वच्छलाबाईंना! त्यांनी छत्री उचलली आणि पुस्तक न घेताच गेल्या.

मग मी दार लावून पहिल्या पानापासून, म्हणजे फळीनंतरच्या पहिल्या पानापासून, तलाव शोधला. विहिरी आहेत. नदी आहे. नदीकाठचे घाट आहेत. तलाव नाही. तलावाची पाळ नाही. धान नाही. कोष्टी नाही. मोहाचे झाड नाही.

गहू मात्र फार आहे.

२० जुलै

दोन दिवस जेवण गेले नाही. आईने नजर काढली.

२२ जुलै

पुस्तक लाल कापडासकट घरी आणले. नियमाने नेता येत नाही. नियम मीच भिंतीवर लावला आहे.

बाबांना फळी दाखवली आणि विचारले, ही पाने सुटतील का? बाबांनी ती नखाने टोकरून पाहिली, वास घेतला. म्हणाले, सुताला खळ जास्त झाली की ताण्याचे धागे असेच एकमेकांना धरतात. त्यांनी ओले फडके पुस्तकाभोवती गुंडाळले, दुपारभर ठेवले आणि संध्याकाळी बांबूची पातळ कामटी घेऊन एकेक पान सोडवायला बसले. मी इतका जवळ वाकलो होतो की दोनदा म्हणाले, "सरक. उजेड खाऊन राहिलास."

नावाचे पान निघाले. कुंकवाने लाल झालेले, पण अक्षरे स्पष्ट. मी कोशाशिवाय वाचले.

'नर्मदेकाठी बारा वर्षे.'

खाली साहेबाचे नाव.

गॅझेटिअर नाही. भंडारा नाही. नर्मदा इथून कुठल्या कुठे, सातपुड्याच्या पलीकडे. पन्नास वर्षे आम्ही भलत्याच जिल्ह्याला हळदकुंकू वाहिले, आणि मी नऊ महिने त्या जिल्ह्याचा इतिहास मोहाडीवर चढवला. कंसात.

बाबांनी विचारले, "काय लिहून आहे?"

"हे आपलं नाही, बाबा. दुसरीकडचं आहे."

त्यांनी कामटी पुसून ठेवली. "कोणाले सांगितलं?"

"अजून कोणाले नाही."

"मंग सांगू नको." थोड्या वेळाने म्हणाले, "नाही त सांग. मले नको विचारू बाप्पा. मले वाचता येत नाही, मी काय सांगू?"

१० ऑगस्ट

कुणाला सांगितले नाही. न सांगण्याची कारणे एका कागदावर लिहिली. सबळ आहेत. भय्याजींचा आजा, पुंडलिकरावांची शाल, माझी नोकरी, बाबांचा रिकामा माग. शिवाय नर्मदेकडचा माणूस मोहाडीत इतिहास ऐकायला येणार आहे थोडाच!

सांगण्याचे कारण एकच सापडले. वच्छलाबाईंना कळले आहे. त्या तेव्हापासून वाचनालयात आल्या नाहीत. कुणाला काही बोललेल्याही नाहीत.

त्यांनी सगळीकडे सांगितले असते तर मला खोटे बोलणे सोपे गेले असते.

२९ ऑगस्ट

आज सांगितले. कसे सांगितले ते लिहिताना कान तापतात.

भय्याजी ऑफिसात नव्हते, मिलच्या आत होते. यंत्राची घरघर, भुसा उडत होता, पाचदहा माणसे पोती भरत होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "भय्याजी, थोडं बोलायचं होतं."

"काय?"

"त्या पुस्तकाविषयी जी."

"आँ? ऐकू नाही येऊन राहिलं! जोरानं बोल!"

मी जोराने बोललो. त्यांनी कानाला हात लावला. मी आणखी जोराने बोललो. शेवटी सगळी ताकद एकवटून ओरडायला तोंड उघडले, आणि नेमकी लाईट गेली. यंत्र थांबले. त्या शांततेत माझा आवाज मिलभर घुमला:

"तो जमीनदार तुमचा आजा नव्हे!"

पोते शिवणाऱ्याचा दाभण हातातच राहिला. पत्र्यावरची चिमणी उडालेली मला ऐकू आली.

भय्याजींनी मला हाताला धरून ऑफिसात नेले. मी सगळे सांगितले. त्यांनी अंगावरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "अबे, आजाचा फोटो मोठा करायले नागपूरले पाठवला न मी."

"हो जी."

"एकांतात नाही सांगता आलं तुले? आता उद्याच्या बाजारात साऱ्या तालुक्याले माहीत होईन."

"मी एकांतातच आलो होतो जी, तुम्हीच म्हणाले जोरानं बोल."

यावर ते आणखी चिडले. "सभा त होईन. पत्रिका छापून झाल्या. तूच उभा राय आन् तूच सांग लोकायले, का मी वर्षभर काय केलं. मंग मागावर जाय."

घरी आलो तेव्हा दुसऱ्या मागावरचे कपडे आई काढत होती. पोते शिवणारा आमच्या गल्लीतला आहे.

२ सप्टेंबर

पुंडलिकरावांना मीच सांगायला हवे होते. त्यांच्या घरी गेलो. खाटेवर बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. मी मान खाली घालून सगळे सांगितले, आणि म्हणालो की बहुतेक शाल मिळणार नाही.

ते म्हणाले, "मले ठाऊक होतं गा."

"काय ठाऊक होतं?"

"इथं कुठचा आला गहू! पाण्यावर बर्फ! मी म्हणलं, पोरगा कुठलं तरी भलतंच वाचून राहिला."

"मग तुम्ही प्रत्येक वेळी हो काहून म्हणत होते जी?"

"तू विचारेच तसा. 'होती ना जी, होती ना जी.' नाही म्हणलं का तुयं तोंड एवढंसं होये." त्यांनी दोन बोटांनी माझे तोंड केवढे होते ते दाखवले. "आन् तिथं पंखा होता. चाय होता. घरी मले जेवला का, याच्यापुढं कोण काय विचारते?"

मला हसावे की रडावे कळेना. इतिहासकार म्हणून माझी किंमत एक कप चहा आणि एक पंखा.

मग वाटले, आलोच आहोत तर एकदा नीट विचारावे. या वेळी प्रश्नातच उत्तर घातले नाही. नुसते म्हणालो, "पुंडलिकराव, साहेब आला म्हणजे काय व्हायचं?"

पहिल्यांदाच त्यांना विचार करावा लागत होता.

"साहेब आला म्हणजे आमी तलावात," ते म्हणाले.

"तलावात?"

"डेरा पडणार असला का आधी चपराशी ये. बेगार धरायले. सामान उचला, लाकडं फोडा, कोंबड्या द्या, कोष्ट्यायनं कापड द्या. पैसा नाही, काही नाही. मंग चपराशी दिसला का सारं गाव तलावात. लव्हाळीत. मुंडकं तेवढं बाहेर. मी लहान होतो, बापाच्या खांद्यावर. बाप म्हणे, खोकलू नको. एक दिवस सकाळपासून दिवस बुडेपर्यंत होतो. पायाले जळवा लागल्या."

"आणि साहेब? साहेब कसा होता?"

"कसा होता मंजे? मी कुठं पाहिला? आला असंल. गेला असंल. आमी त्याले पाहिलं नाही, त्यानं आमाले पाहिलं नाही."

"पण पांढरा घोडा म्हणाले होते तुम्ही?"

"थो लग्नात पाहिला होता. नवरदेवाचा."

१ ऑक्टोबर, दसरा

सभा झाली. क्रमाने लिहितो.

मंडपात माणसे मावत नव्हती. मिलमधली बातमी सर्वत्र पोचली होती, त्यामुळे इतिहासाची आवड एकदम वाढली होती. चौरंगावर पुस्तक, लाल कापडावर. भय्याजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आता खुशाल बोलतील." मला 'खुशाल बोलतील' म्हणाले. इतका मान राग आल्याशिवाय कुणी देत नाही.

मी उभा राहिलो. वच्छलाबाई बायांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत होत्या. मी आधी पुस्तकाचे नाव वाचले आणि सांगितले की हे आपल्या जिल्ह्याचे नाही. मग गव्हापासून बर्फाच्या पापडीपर्यंत माझ्या सगळ्या चुका क्रमाने वाचल्या. लोक पोट धरून हसत होते. प्रत्येक कंसाला हशा. मागून कुणीतरी ओरडले, "खुशालभाऊ, आमचं गाव तरी हेच आहे का?"

आजा-प्रकरण मी वाचले नाही. ते आधीच सर्वांना पाठ होते.

मग खिशातून एक कागद काढला. वर्षभराच्या कामातून एवढेच शिल्लक होते. 'इंग्रज अमदानीतील मोहाडी' असे शीर्षक देऊन पुंडलिकरावांनी सांगितलेले, त्यांनी सांगितले तसे. शेवटी मी एकच वाक्य माझे घातले होते: साहेबांच्या पुस्तकांत आपण सापडत नाही, कारण आपण तलावात होतो.

कुणी हसले नाही. मला वाटले, संपले. मग एक म्हातारी उठून म्हणाली, "माई सासू बी सांगे. लेकराच्या तोंडावर हात दाबून बसली होती म्हणे पाण्यात." आणखी एक म्हातारा उठला. त्याच्या आज्याने माग तसाच सोडला होता, परत आला तर ताणा उंदरांनी खाल्लेला. मी पेन शोधू लागलो. कुणालाही 'होय ना जी' असे म्हणालो नाही.

एवढ्यात भय्याजी उठले.

"माया आजा बी होता तलावात," ते म्हणाले. "सगळ्यायपेक्षा खोल पाण्यात."

मागून आवाज आला, "आंबे संगं घेऊन गेले होते काय जी?"

मंडप कोसळेल असे हसू उठले. भय्याजी क्षणभर कठोर राहिले, मग त्यांनाच हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाले, "शाल आणून ठेवली आहे त पुंडलिकरावले देऊन टाका. आन् या पोट्ट्याले कायम करा. खोटं बोलणं याले जमत नाही, रोकड याच्याजवळ राहू द्यायले हरकत नाही."

पुंडलिकरावांनी शाल पंख्याच्या वाऱ्यात दोन्ही हातांनी धरून ठेवली.

शेवटी पूजा. मला वाटले होते आता ते पुस्तक पूजणार नाहीत. पण भय्याजी म्हणाले, "इतके वर्ष पुजलं, आता पाहुण्याले उठवता काय?" आणि माझा कागदही चौरंगावर त्याच्या शेजारी ठेवायला लावला. त्यांनी स्वतः मुठीने हळदकुंकू वाहिले आणि नारळ फोडला. पाणी नेमके कागदावर. माझी पहिली ओळ तिथल्या तिथे लाल झाली आणि शीर्षक आता वाचता येत नाही.

सुदैवाने माझा स्वभाव भित्रा असल्याने मी आधीच दुसरी प्रत करून ठेवली होती.

३ ऑक्टोबर

बुधवार. वच्छलाबाई आल्या. मी त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. माफीचा अर्ज लिहून ठेवला होता, तो त्यांनी वाचून घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग दुसरी प्रत मागितली.

मी विचारले, "परत कधी मिळेल?"

"आणून नाही देणार," त्या म्हणाल्या. "रविवारी घरी येऊन घेऊन जा. आमच्या बाबांनाही वाचायची आहे. आणि लायब्रेरियन साहेब, येताना तुमच्या बाबांनाही आणा."

घरी बाबांना सांगितले. त्यांनी माग थांबवला, आईकडे पाहिले, आणि आईने काही न विचारता पेटीतून त्यांचे धुतलेले धोतर बाहेर काढले.

काहून कोण जाणे. बाबांना तर वाचता येत नाही.